सँड्स ऑफ टाइम (२००३): कोडी सगळी सुटली पण लिफ्टमधली मारामारी पार होईना, मदत हवीये

गोदाकाठची, पंचवटी

नमस्कार मंडळी, प्रिन्स ऑफ पर्शियाचा २००३ सालचा सँड्स ऑफ टाइम आहे ना, तो मी आणि माझी लेक मिळून पीसीवर खेळतोय, गॉग या जुने गेम विकणाऱ्या साइटवरून घेतलाय. लेक आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत सुरू केला, आता शाळा सुरू झाली त्यामुळे फक्त शनिवार-रविवार रात्रीची जेवणं आवरली की. वाटणी अशी की कोडी तिची, मारामारी माझी, आणि भिंतीवरून पळणं, उड्या वगैरे ज्याच्या हातात कंट्रोलर असेल त्याचं.

आधी कोड्यांबद्दल लिहिते कारण त्यात आम्हाला फार आनंद मिळालाय. राजवाड्याची संरक्षण यंत्रणा चालू करायची असते ते मोठं दालन आठवतंय का, सगळी चाकं आणि दांडे, आणि एक जिवंत राहिलेला पहारेकरी सूचना देत असतो? तिथे लेकीने गेम पॉज करून गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर दांड्यांच्या जागा काढल्या, कुठला कुठल्या बाजूला तोंड करून पाहिजे त्याचे बाण काढले, आणि मग शांतपणे एकेक फिरवत गेली. शेवटचा फिरला आणि सगळं दालन घरघरायला लागलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. तसंच पुस्तकांच्या त्या हॉल ऑफ लर्निंगमध्ये आरसे फिरवून उजेडाचा झोत दरवाज्यापर्यंत न्यायचा असतो, तिथे म्हणाली आई हे तर आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात पुढे आहे, प्रकाशाचं परावर्तन. आपाती कोन, परावर्तन कोन हे मी तिला त्या रात्री तिथेच समजावलं, आरसा समोर फिरताना दिसत होता त्यामुळे एका झटक्यात कळलं.

आता अडलंय कुठे तर तुरुंगाचा भाग ओलांडला की ती वर जाणारी लिफ्ट लागते. खेळातली आपली सोबतीण फराह बरोबर असते, लिफ्ट सुरू होते आणि चारी बाजूंनी वाळूचे सैनिक उगवायला लागतात ते थांबतच नाहीत. जागा गोल आणि लहान, पळायला कुठे वाव नाही, मी एकाला पाडते तोवर दोघं फराहवर गेलेले असतात, तिला वाचवायला जावं तर पाठीत वार बसतो. नाकी नऊ आलेत अगदी. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघितले पण ते लोक इतक्या वेगात करतात की काय दाबलं ते कळत नाही. कोणीतरी शब्दांत नीट सांगा की तिथे नेमकं काय करायचं असतं. आणि आयुष्य वाढवणारी लपलेली कारंजी आम्हाला थोडीच सापडलीत, त्याच्यासाठी परत पहिल्यापासून खेळावं लागेल का?

सातपूर_नाईटशिफ्ट

ताई नमस्कार. ही लिफ्ट म्हणजे हा गेम खेळलेल्या प्रत्येकाच्या लक्षात राहिलेली जागा आहे, तुम्ही एकट्या नाही. मी हा गेम २००६ च्या सुमारास खेळलो, मित्राच्या घरी, सिडकोत, तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं आणि त्यामुळे वीज जायच्या आत पुढचा वाळूचा खांब गाठून सेव्ह करायचं ही एक वेगळीच शर्यत असायची. आता कामावर रात्रपाळी असली की सकाळी घरी येऊन परत तोच लावतो मधूनमधून.

शब्दांतच सांगतो. सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की या गेममध्ये शत्रू तलवारीने मरत नाही. तलवारीने तो फक्त खाली पडतो, संपतो तो खंजिराने, खाली पडलेला असताना खंजीर खुपसून त्याच्यातली वाळू ओढून घेतली की. नाही ओढली तर तो उठून परत तुमच्यासमोर. लिफ्टमध्ये थांबतच नाहीत असं वाटतं त्याचं अर्धं कारण हे आहे, पाडलेलेच परत उठतायत आणि त्यात नवे येतायत. म्हणून पाडला की दुसऱ्याकडे वळायचं नाही, आधी वाळू.

पण वाळू ओढायला क्षणभर लागतो आणि त्या क्षणात तुम्ही उघडे असता, दुसऱ्याने वार केला की ओढणं अर्धवट. म्हणून पाडायचा कुठे हे आधी ठरवायचं. घोळक्याच्या मधोमध पाडलात तर त्याचा उपयोग शून्य. कडेचा धरायचा. त्याच्या दिशेने धावून डोक्यावरून कोलांटी, उतरता उतरता पाठीत वार, तो पडतो, लगेच खंजीर. कोलांटी, वार, खंजीर, हे तीन एका दमात, मधे बटणं चेपत बसायचं नाही. कबड्डीतल्या चढाईसारखं आहे हे, आत जायचं, एक गडी टिपायचा आणि घोळक्याने धरायच्या आत बाहेर.

आता काही शत्रू असे आहेत की ते कोलांटी ओळखतात, वरच्यावर अडवून तुम्हालाच खाली आपटतात. एकदा आपटलं की तो कुठल्या जातीचा ते कपड्यांवरून आणि हत्यारावरून लक्षात ठेवा आणि त्याच्यावर परत कोलांटी मारू नका. मोकळ्या दालनात अशांवर भिंतीला पाय लावून झेप घेता येते, लिफ्टमध्ये मात्र मी त्यांच्यासाठी खंजिराचा थेट वार ठेवतो. उभ्या शत्रूला खंजीर मारला की तो जागच्या जागी गोठतो आणि गोठलेल्याला तलवारीचा एक वार पुरतो, दोन तुकडे. त्याला चंद्रकोरीसारखी एक टाकी खर्च होते, स्क्रीनवर वाळूच्या गोल टाक्या दिसतात त्यांच्या जोडीला. म्हणून या चंद्रकोरी सोप्या शत्रूंवर उडवायच्या नाहीत.

फराहचं म्हणाल तर तिच्याकडे धनुष्य आहे, लांबून ती चांगली मदत करते, अंगावर कोणी आला की तिचं काही चालत नाही आणि ती मेली की खेळ संपला. त्यामुळे तुम्ही कडेला पळू नका. तुमची जागा तिच्या जवळच, म्हणजे तिच्यावर चालून येणारा हा तुमचा कडेचा गडी. तिला वाचवायला वेगळं जावंच लागत नाही मग.

जुना_डॉस_गडी, नाशिकरोड

सातपूरकर भाऊंनी फार नेमकं लिहिलंय. मी थोडं मागे जाऊन एक सांगतो, वाचून वाटेल की विषय सोडून चाललाय, पण ताईंच्या लेकीच्या कामाचं आहे.

आम्ही प्रिन्स खेळलो तो १९८९ चा, जॉर्डन मेकनरचा पहिला. त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं होतं आणि एकेक चित्र त्याच्यावरून काढलं होतं, म्हणून त्या इवल्याशा पांढऱ्या कपड्यातल्या माणसाची चाल इतकी खरी वाटायची. नाशिकरोडला दहावीच्या सुट्टीत कॉम्प्युटर क्लास लावला होता, सरांनी बेसिक शिकवून झालं की शेवटची पंधरा मिनिटं तो गेम लावू द्यायचे, एका मशीनमागे आम्ही पाच-सहा जण. बारा लेव्हल आणि हातात साठ मिनिटं, घड्याळ सतत चालू. कोणाला तरी कुठूनतरी प्रिन्स मेगाहिट असं टाइप करून सुरू करायचं माहीत झालं आणि मग लेव्हल उड्या मारून बघता यायला लागल्या.

त्यात चौथ्या लेव्हलला एक आरसा येतो. त्यातून उडी मारून जावं लागतं आणि गेलात की तुमची सावली वेगळी होऊन पलीकडे पळते. ही सावली पुढे त्रास देत राहते आणि बाराव्या लेव्हलला तलवार काढून समोर उभी राहते. आता तुम्ही तिला मारलं की तुमचाच जीव कमी होतो, आणि ती मेली तर तुम्हीही मेलात. आम्ही सगळे तिच्याशी लढायचो. उत्तर काय तर तलवार म्यान करायची, मग तीही म्यान करते, आणि सरळ तिच्या अंगावर चालत जायचं, दोघं एक होतात. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी क्लासमध्ये जो आरडाओरडा झाला तो अजून कानात आहे.

मला म्हणायचंय ते एवढंच की या मालिकेत मारामारी आणि कोडं ही दोन वेगळी कामं कधीच नव्हती. मेकनर २००३ च्या गेममध्येही होता, गोष्ट त्याची आहे, आणि तोच स्वभाव त्याच्यात उतरलाय. ताई, तुम्ही वाटणी केलीत ना, कोडी तिची आणि फाईट माझी, त्याच्याऐवजी लिफ्टच्या वेळी तिला शेजारी बसवा आणि तिला फक्त बघू द्या. कोण कुठून उगवतो, कोण कोलांटी अडवतो, टाक्या किती उरल्या. तिने वहीत बाण काढून यंत्रणा सोडवली, ती हेसुद्धा सोडवेल. तुमची बोटं, तिचे डोळे.

द्वारका_सिग्नल

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. गेम मलाही अतिशय आवडतो पण फाईट ही त्याची पडती बाजू आहे असं मी ठामपणे म्हणेन. पळणं, चढणं, भिंतीवरून धावत जाऊन झुंबराला लटकणं, हे सगळं आजही हाताला इतकं छान लागतं, आणि मग अचानक दरवाजे बंद होतात आणि ठरावीक शत्रू थव्याथव्याने येतात, आधीचे संपले की दुसरे, ते संपले की तिसरे. नवीन विचार करायला लागत नाही, फक्त दम लागतो. लिफ्ट म्हणजे त्याचा कळस. पुढच्या वर्षी, २००४ ला, वॉरियर विदिन काढला त्यात फाईटवर प्रचंड काम केलं, दोन हत्यारं, शत्रूचं हत्यार हिसकावणं, पण गोष्टीचा गोडवा गेला, सगळं काळंकुट्ट आणि रागीट करून टाकलं. २००५ च्या टू थ्रोन्सने मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला. म्हणजे बनवणाऱ्यांनाही माहीत होतं की पहिल्यात फाईट कमी पडतेय.

सँड्स ऑफ टाइमचं खरं सोनं वेळ मागे फिरवण्यात आहे. उडी चुकली, खाली पडलात, खंजीर दाबला की चित्र उलटं फिरतं आणि तुम्ही परत कड्यावर. चुकायची भीतीच जाते आणि माणूस मोकळेपणाने करून बघतो. आणि ती गोष्ट प्रिन्स कोणालातरी सांगतोय अशी रचना, त्यामुळे मेलात की तो म्हणतो की नाही नाही, असं घडलं नव्हतं, आणि परत मागून सुरू. युरी लोवेंथालचा आवाज आहे तो, ऐकत राहावा असा.

नवीन रीमेक येईल मग खेळू म्हणून थांबलेले माझे बरेच मित्र होते. २०२० ला जाहीर झाला तेव्हा पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे काम होतं, मलाही अभिमान वाटला होता, मग २०२२ ला ते मॉन्ट्रियलकडे गेलं आणि २०२६ ला तो रद्दच झाला. कोणी थांबू नका, जुनाच खेळा, तो आहे तसा पुरेसा सुंदर आहे.

सातपूर_नाईटशिफ्ट

द्वारकावाले भाऊ, वेळ मागे फिरवण्याबद्दल शंभर टक्के, पण तेच फाईटमध्ये पण वापरायचं असतं हे लोक विसरतात! उडी चुकली की सगळे खंजीर दाबतात, फाईटमध्ये वार बसला की मात्र सहन करत लढत राहतात. वाळूची एक टाकी खर्च झाली तरी चालेल, मोठा वार बसला की त्याच क्षणी मागे फिरवा, साधारण दहा सेकंदांपर्यंत मागे जाता येतं, आणि मागे गेलात की तुम्हाला माहीत असतं वार कुठून येणार आहे. त्या ठिकाणी उभंच राहायचं नाही. आणि वाळू ओढली की टाक्या परत भरतात, म्हणजे नीट लढणाऱ्याला वाळू कमी पडत नाही. दम लागतो तो वाळू न ओढता लढलं तर.

अजून एक, सगळ्या टाक्या भरलेल्या असताना एक मोठी शक्ती वापरता येते, बाकी सगळं जवळजवळ थांबतं आणि प्रिन्स विजेसारखा एकेकाकडे जाऊन कापत सुटतो. लिफ्टवर चढायच्या आधी टाक्या भरलेल्या असतील तर ही सुरुवातीला वापरायचा मोह होतो. ताई, नका वापरू. सुरुवातीचे तुमच्याने होतात, तुम्ही म्हणालात ना एकाला पाडते तोवर दोघं फराहवर जातात, तशी वेळ येते ती अर्ध्यानंतर. तेव्हासाठी ठेवा.

कारंज्यांसाठी परत पहिल्यापासून खेळायची गरज नाही, असलेल्या आयुष्यात लिफ्ट होते. एकूण १० आहेत. पुढच्या वेळी खेळाल तेव्हा ज्या वाटेने गोष्ट पुढे जाते तिच्या उलट्या बाजूला एखादी फट, तुटकी भिंत, पडद्यामागचा बोळ दिसतो का बघत जा, आत गेलात की एकदम संगीत बदलतं, अंधारात झुलता पूल आणि पलीकडे कारंजं. नवीन तलवार मिळाली की तिने काही भिंतीही फुटतात, त्या मागे पण बघायचं. आणि साधं पाणी, कुठलंही, हौद असो नाहीतर झरा, पिलं की जीव भरतो हे माहीत असेलच, लिफ्टच्या आधी शेवटचं पाणी लागेल तिथे पूर्ण भरून घ्या मगच पुढे.

कॅनडाकॉर्नर_पीसी

फाईटचं सांगून झालंय, मी तांत्रिक बाजू लिहितो कारण ती फाईटवर परिणाम करते हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तुमच्या मशीनवर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, किती येतोय ते बघा. हा गेम २००३ च्या कार्डांसाठी लिहिलाय, आजच्या कार्डवर मोकळा सोडला तर उधळतो. व्हीसिंक (चित्रांचा वेग स्क्रीनच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) चालू करा किंवा ६० वर लॉक करा, कोलांटीचा टायमिंग एकसारखा मिळायला लागेल.

दुसरं म्हणजे रुंद स्क्रीनवर चित्र ताणलेलं दिसत असेल तर वाइडस्क्रीन फिक्स मिळतो तो गेमच्या फोल्डरमध्ये टाका. चित्र ताणलेलं असलं की अंतराचा अंदाज चुकतो आणि कोलांटी शत्रूच्या पुढ्यात पडते. तिसरं, नवीन ग्राफिक्स कार्डवर धुकं नीट उमटत नाही, दालनं उघडीबोडकी दिसतात, त्यासाठी डीजीव्हूडू नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, जुन्या डायरेक्टएक्सचे गेम नव्या कार्डला समजतील असं भाषांतर करून देतं. धुकं आलं की राजवाडा वेगळाच दिसतो, बागा आणि ते धबधबे तर बघतच राहाल, तेवढ्यासाठी तरी करा.

कंट्रोलर हात देत नसेल तर स्टीम या गेमच्या ॲपमधल्या स्टीम इनपुटमधून बटणं कीबोर्डच्या कींना जोडून घ्या, गॉगचा गेमसुद्धा स्टीममध्ये बाहेरून ॲड करता येतो. खंजीर आणि ब्लॉक ही दोन बटणं अशी ठेवा की अंगठा तलवारीवरून उचलावा लागणार नाही.

आणि कोणाकडे एमजी रोडवरून घेतलेली जुनी ओरिजिनल सीडी असेल आणि चालत नसेल तर सीडी खराब झाली असं समजून टाकू नका. त्या काळच्या बऱ्याच गेमवर सेफडिस्क नावाचं प्रोटेक्शन असायचं, विंडोज १० ने त्याला हद्दपार केलंय, सीडी ठणठणीत असली तरी गेम उघडत नाही. तिचा डबा, ते मॅन्युअल जपून ठेवा, खेळायला मात्र गॉगची कॉपी बरी.

कॉलेजरोड_१९

मी लॉस्ट क्राउनवरून या मालिकेत आलो, २०२४ चा. त्यातही वेळेच्या शक्ती आहेत पण तो बाजूने दिसणारा गेम आहे आणि नायक सारगॉन आहे, प्रिन्सला तर सोडवायला जातो आपण. धागा वाचून सँड्स ऑफ टाइम काल रात्री सुरू केला. सुरुवातच भारतातल्या महाराजाच्या राजवाड्यात होते हे मला माहीतच नव्हतं, आणि फराह त्या महाराजाची मुलगी, म्हणजे ज्याने तिचं घर लुटलं त्याच्याच सोबत तिला चालावं लागतं. त्याचं मला वाईट वाटलं. एक विचारायचं होतं, प्रिन्सच्या वडिलांशी जी फाईट होते, वाळूने त्यांचंच भूत झालेलं असतं, तिथे काही वेगळं केलं तर त्यांना वाचवता येतं का?

जुना_डॉस_गडी, नाशिकरोड

नाही रे बाळा, तिथे वाचवता येत नाही, लढावंच लागतं. मला पण ती फाईट खेळताना थांबायला होतं. ती इतकी लवकर येते की तोवर तुम्ही नीट लढायलाही शिकलेले नसता, आणि बरोबरच आहे ते, तोही त्या वेळी कच्चाच आहे, बापाच्या नजरेत मोठं व्हायचं म्हणून खंजीर उचलणारा पोरगा. या गेममध्ये मोठ्यांदा भाषणं नाहीत, जे घडतं ते तुमच्या हाताने घडतं. म्हणून द्वारकावाल्यांना मी म्हणेन की फाईट कमी पडते हे मान्य, थवे लांबतात हेही मान्य, पण काढून टाकल्या असत्या तर ही गोष्ट नुसती उड्यांची राहिली असती.

द्वारका_सिग्नल

वडिलांच्या फाईटबद्दल पटलं. ती मी थव्यांमध्ये धरत नाही. लिफ्टबद्दल मत तेच.

गोदाकाठची, पंचवटी

सगळ्यांचे मनापासून आभार, लिफ्ट पार झाली!! काल रात्री.

कसं झालं ते लिहिते म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल. डॉसवाल्या दादांनी सांगितलं तसं लेकीला शेजारी बसवलं, वही पेन घेऊन. आधी मी नुसतं लढत राहिले, जिंकायचं नाही असं ठरवून, आणि ती लिहीत गेली. तिने तीन रकाने केले, कोलांटी चालते, कोलांटी चालत नाही, आणि फराहकडे आधी कोण जातो. कपड्यांचा रंग, हातात काय आहे, सगळं तिच्या भाषेत, एकाला तिने जाड्या म्हटलंय, एकाला भाल्या. मग झोपायच्या आधी वाचून दाखवलं तिने मला तोंडपाठ करवून घेतल्यासारखं. दुसऱ्या दिवशी रात्री बसलो तेव्हा ती नुसती ओरडत होती, आई मागे, आई भाल्या आला, खंजीर, आई आधी वाळू, आधी वाळू. हे आधी वाळू सातपूरवाल्या दादांचं, खरंच तेवढ्या एका गोष्टीने निम्मी गर्दी कमी झाली. फराहजवळ राहिले, मोठी शक्ती शेवटापर्यंत राखून ठेवली, एकदम चौघं उगवले तेव्हा वापरली.

फ्रेम रेट पण लॉक केला हो, कॅनडाकॉर्नर, धुक्याचं मिस्टरांना सांगितलंय करायला, डीजीव्हूडू की काय ते. चित्र ताणलेलं होतंच आमचं, ते नीट झाल्यावर उड्याही सोप्या वाटायला लागल्यात.

लेकीला आता फाईटसुद्धा हवी झालीये, म्हणतेय वाटणी बदलूया. पुढचं काही सांगू नका प्लीज, गोष्ट आम्हाला आमची बघायचीये. फक्त एवढंच सांगा की पुढे परत अशी कुठे अडकायची जागा आहे का, म्हणजे रविवारी रात्री उशीर करायचा की नाही ते ठरवता येईल, सोमवारी तिची सहामाहीची चाचणी आहे.

सातपूर_नाईटशिफ्ट

जबरदस्त ताई, फार आनंद झाला वाचून! लेकीला शाबासकी सांगा, आणि त्या वहीच्या पानाचा फोटो टाका इथे, रकान्यांचा, पुढे येणाऱ्यांना व्हिडिओपेक्षा ते जास्त कामाला येईल.

गोष्ट न सांगता एवढंच सांगतो. लिफ्टसारखी फाईट परत नाही. पुढे एके ठिकाणी मात्र लोक तासन्‌तास गोल गोल फिरत बसतात, अंधारी जागा आहे, सगळीकडे सारखे दरवाजे, कुठल्याही दरवाज्याने गेलं तरी परत तिथेच. तिथे डोळ्यांनी बघण्यासारखं काही नाही, कान उघडे ठेवायचे. रात्री आवाज बारीक करून खेळत असाल तर त्या भागाला हेडफोन लावा, एक तुमच्या कानात आणि एक तिच्या, आणि प्रत्येक दरवाज्यापाशी जरा थांबा. यापुढचं लेक सोडवेल.

आणि चाचणी झाल्यावरच बसा ताई, एकदा तिथून पुढे गेलात की मधे थांबावंसं वाटत नाही.